कवंडळांचे हप्ते

गोकुळदास सरकारी बसचा ड्रायव्हर. साखळी-पेडणे रस्त्यावर बावीस वर्षं त्याने गाडी हाकली, पण चाकाखाली कधी कोंबडी आली नाही. अशा माणसाच्या पगारातून दरमहा दीड हजार कापले जात होते, आणि हप्ते होते अठ्ठावीस! त्याची बायको विमला पगाराची चिठ्ठी बघून दर महिन्याला नव्याने तापायची.

घरी त्याने सांगितलं होतं, ब्रेक लागला नाही, गाडी दगडी गडग्यावर आपटली. मग सरकारच्या मोडक्या ब्रेकचे पैसे तुम्ही का भरायचे, हा विमलाचा रोकडा सवाल. गोकुळदास पेजेच्या ताटलीत मान घालून म्हणायचा, "ऱ्हवांदे गे. सरकाराचा देणा, फेडून टाकूया."

खरं सांगायचं तर ब्रेक बिचारा निर्दोष होता. चवथीच्या आदल्या दिवशी रिकामी गाडी घेऊन दोघे परतत होते. दुसरा म्हणजे कंडक्टर शंभू, दोन मुलांचा बाप, सहा वर्षं कंत्राटावर. उतारावरच्या एका वेलीला लालभडक कवंडळं लटकलेली दिसली आणि शंभूने घंटा मारली. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीत रानातलं हे फळ नसेल तर पेडण्याच्या माणसाला चवथ अळणी वाटते. शंभूचा हात पुरेना म्हणून उंच गोकुळदासही उतरला, आणि घाईत ब्रेक अर्धाच ओढला गेला. फळं हातात आली तेव्हा बस एकटीच निघाली होती.

चौकशीत विचारलं, गाडी थांबवली कोणी? शंभूचं नाव कागदावर आलं असतं तर कायम व्हायची त्याची आशा त्याच दिवशी संपली असती. गोकुळदासने लिहून दिलं, मीच थांबवली, माझ्या घरच्या माटोळीसाठी. रडवेल्या शंभूला त्याने दटावलं, ऑर्डर हातात पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ती ऑर्डर अजून यायची होती.

अकरावा हप्ता कापला गेला आणि विमलाचा धीर सुटला. नवऱ्याला न सांगता तिने तक्रारअर्ज लिहून घेतला आणि थेट डेपो गाठला. चौकशी पुन्हा करा म्हणाली. कारकून समीक्षा स्वभावाने चांगली. तिने फाईल काढून गोकुळदासचा जबाब वाचून दाखवला.

विमलाने मनात हिशेब मांडला. गेल्या चवथीला त्यांच्या घरात सुतक होतं. गणपती आणलाच नव्हता, मग माटोळी कुठली? हा माणूस खोटं बोलायचा तर दुसऱ्याला वाचवायलाच, एवढं तिला संसारात पुरतं कळलं होतं. कोणाला, ते तिने विचारलं नाही. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माया आली.

"खरां मगे ह्या?" समीक्षाने विचारलं.

"खरां गे बाय. माकाच कवंडळां व्हयी होती," विमला म्हणाली. "हप्ते कापा तुमी."

आणि अर्जाची घडी करून तिने पिशवीत टाकली.