कौसल्याबाई पेशंट झाल्या

पांढरकवड्याच्या कौसल्याबाई नगराळे एका सरकारी दवाखान्यात एकोणतीस वर्षं आया होत्या. चादरी बदलायच्या, बेडपॅन द्यायचं, बाळंतिणीला धरून संडासापर्यंत न्यायचं, गेलेल्या माणसाचे डोळे मिटायचे. नववीत शाळा सुटली नसती तर आपणही पांढऱ्या कपड्यात औषधाची ट्रॉली ढकलली असती, असं त्यांना वाटायचं, पण कोणाजवळ कधी बोलल्या नाहीत. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी आल्या आणि तिसऱ्याच दिवशी नवऱ्याला म्हणाल्या, "घरात कोणी कण्हत नाही जी. मले करमून नाही राह्यलं."

नवरा म्हणजे उकंडराव, एसटीचे निवृत्त कंडक्टर. त्यांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, "मी कण्हू काय?"

एकुलता एक मुलगा अतुल सौदीत दम्मामला होता, दवाखान्यातली एक्सरे मशीन दुरुस्त करायचा. एका शुक्रवारी त्याचा फोन आला. "आई, मी लग्न करतो. पोरगी नर्स आहे. फिलिपाइन्सची."

उकंडरावांनी विचारलं, "हे कुठं आलं?"

कौसल्याबाईंनी फोन आपल्याकडे ओढला. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. "कोणत्या वॉर्डात असते?"

"आयसीयूत."

"मंग कर," त्या म्हणाल्या.

अशी मारिसेल घरात आली. नाव लांब म्हणून शेजारच्या पुष्पाबाई तिला 'मरी' म्हणायला लागल्या, तेव्हा कौसल्याबाईंनी त्यांना दारातच थांबवलं, "मरीआई नाही ते, माही सून आहे. पुरं नाव घेजो." मारिसेल इलोइलो नावाच्या गावची, समुद्रकाठची, बाप मासे धरणारा. मासे इथे आठवड्याच्या बाजारात मिळायचे तेवढेच. पण पहिल्यांदा अंबाडीची भाजी ताटात पडली तेव्हा ती एकदम थांबली, मग आणखी मागून घेतली. तिच्या आईच्या हातचं आंबट कालवण अगदी असंच लागायचं म्हणे. त्या दिवसापासून सासू-सुनेचं जमलं. हिंदी तिला दम्माममध्ये आली होती, वऱ्हाडी ती सासूकडून शिकली. वर्षभरात "काहून व आई?" असं इतक्या झोकात विचारायची की भाजीवाल्या बाया भाव सांगायचं विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या.

अतुलचा करार संपला होता आणि त्याने यवतमाळला एका खासगी दवाखान्यात काम धरलं होतं. मारिसेलला मात्र इथे नर्स म्हणून काम करता येईना. तिचं शिक्षण तिकडचं, परवाना तिकडचा. अकरा वर्षं आयसीयू सांभाळलेले हात रिकामे बसले. ती घरातल्या गाद्यांच्या चादरींना दवाखान्यासारखे घट्ट कोपरे घालायची, दिवसातून दोनदा. कौसल्याबाई बघायच्या. रिकाम्या हातांचं दुखणं त्यांना ठाऊक होतं.

मारिसेलची मावसबहीण न्यूझीलंडला क्राइस्टचर्चमध्ये नर्स होती. तिने कळवलं, इथे अर्ज कर. मग कागदांची धावपळ सुरू झाली. कॉलेजचे गुण इलोइलोहून, परवान्याचं पत्र मनिलाहून, कामाचा दाखला दम्मामहून, त्यावर इंग्रजीची परीक्षा. दम्मामचा दाखला चार महिने आला नाही. जिच्या सहीने यायचा ती बाई नोकरी सोडून गेली होती. अतुल रोज दुपारी डबा खाता खाता तिकडे फोन लावायचा. शेवटी दाखला आला, आणि नंतर सात आठवड्यांनी न्यूझीलंडहून मेल आला. तुम्ही पात्र आहात, आता दोन परीक्षा द्या. पहिली कॉम्प्युटरवर, दुसरी प्रत्यक्ष हाताने, क्राइस्टचर्चला येऊन.

पहिली परीक्षा मारिसेलने हैदराबादला दिली आणि पास झाली. घरात पेढे आले. पण दुसरीचं वर्णन ऐकून उकंडरावही पेपर बाजूला ठेवून बसले. दहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी एक काम, ठरलेली मिनिटं, घंटा झाली की पुढे. कुठे खराखुरा माणूस पेशंट बनून बसलेला, आणि कोपऱ्यात परीक्षक वही घेऊन.

"म्हणजे स्टॉपावर स्टॉप," उकंडराव म्हणाले. "टायमिंग माह्याकडं."

"आणि पेशंट?" अतुलने विचारलं.

कौसल्याबाई आधीच खाटेवर आडव्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून नगराळ्यांचं घर म्हणजे परीक्षा केंद्र झालं. अंगणात तुळशीच्या कुंड्यांमधे एक टेबल, ओसरीवर खाट, स्वयंपाकघराच्या दारात औषधांच्या रिकाम्या बाटल्या. कौसल्याबाईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून अतुलने वहीत देवनागरीत वाक्यं लिहून दिली. 'आय ॲम इन पेन.' 'आय वॉन्ट टू गो होम.' 'व्हाय नोबडी इज लिसनिंग टू मी?' भाजी निवडता निवडता त्या ती पाठ करायच्या. पुष्पाबाई एकदा साखर मागायला आल्या आणि दारातून "लीव्ह मी अलोन!" असं ऐकून तशाच परत गेल्या.

उकंडरावांनी ट्रंकेतून कंडक्टरकीची शिट्टी काढली. वेळ संपली की जोरात शिट्टी, आणि वरून "चला, पुढं सरका!"

पहिल्याच दिवशी घोळ झाला. मारिसेल आली, हात धुतले, कौसल्याबाईंचं मनगट धरलं, नाडी मोजली, कागदावर लिहिलं, पट्टा गुंडाळून रक्तदाब घेतला. सगळं झपाझप, एकही चूक नाही. शिट्टी व्हायला अजून बराच वेळ होता. अतुलने टाळ्या वाजवल्या.

कौसल्याबाई उठून बसल्या. "नापास."

"काहून?" मारिसेलचा चेहरा उतरला.

"तू मले विचारलं नाहीस. आली, हात धरला, पट्टा आवळला. मी काय पोतं आहो?"

मारिसेलने समजावून सांगायचा प्रयत्न केला. दम्मामला पेशंट अरबी बोलायचे, तिला अरबी तोडकीमोडकी यायची, आयसीयूत अर्धेअधिक बेशुद्ध. बोलायची सवयच राहिली नाही. हात चालायचे, तोंड बंद.

कौसल्याबाईंनी ते ऐकून घेतलं आणि मग अशी गोष्ट सांगितली जी अतुलनेही कधी ऐकली नव्हती. नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते. जळालेली एक बाई वॉर्डात होती. ड्रेसिंगवाले यायचे, पट्टी ओढायचे, जायचे. बाई ओरडायची नाही, फक्त डोळे मिटून घ्यायची. एकदा कौसल्याबाईंनी चादर बदलताना सहज विचारलं, "ताई, कुशीवर करू का? आधी इकडून का तिकडून?" बाईने डोळे उघडले आणि रडायला लागली. म्हणाली, दहा दिवसांत पहिल्यांदा कोणी विचारलं. मागे उभी असलेली सिस्टर हसली, "तू काय डॉक्टर झाली का, विचारपूस करायला?" कौसल्याबाईंनी चादर बदलून घेतली. पण पुढली सगळी वर्षं त्यांनी विचारल्याशिवाय कोणाच्या अंगाला हात लावला नाही.

"परीक्षकाच्या वहीत हेच लिहिलेलं असन," त्या म्हणाल्या. "पाहून घेजो."

अतुलने मोबाइलवर परीक्षेची माहिती काढली आणि मोठ्याने वाचली. पेशंटची परवानगी घ्या, काय करणार ते सांगा, त्याला काय वाटतं ते विचारा. वाचून झाल्यावर त्याने आईकडे बघितलं. कौसल्याबाई वही उघडून पुढचं वाक्य पाठ करत होत्या, पण कान लाल झाले होते.

मग मजाच सुरू झाली. दोन महिने, रोज सकाळी नाश्त्यानंतर, कौसल्याबाईंनी एकोणतीस वर्षांतले सगळे पेशंट एकेक करून खाटेवर आणले. दुखतं तरी "ठीक आहे" म्हणणारी म्हातारी. गोळी जिभेखाली लपवून मग थुंकणारा दारूवाला. ऑपरेशनचा कागद डोळ्यांपुढे धरून वाचता येत नाही हे लपवणारा बाप. रागाने लाल झालेला नातेवाईक. हा नातेवाईक त्यांनी इतका हुबेहूब केला की मारिसेल खरोखरच घाबरून दोन पावलं मागे सरकली.

"मागं नको सरकू," कौसल्याबाई रागाचं सोंग तसंच ठेवून वऱ्हाडीत ओरडल्या. "बस! खाली बस! उभ्या माणसाशी मले भांडता येते, बसलेल्याशी कसा भांडू?"

मारिसेल खुर्ची ओढून बसली. इंग्रजीत हळू आवाजात म्हणाली की तुम्ही काळजीत आहात हे दिसतंय, कशाची भीती वाटतेय ते मला सांगाल का. कौसल्याबाईंना त्यातला एक शब्दही कळला नाही. पण वहीतलं कोणतंच वाक्य त्यांना आठवेना.

उकंडराव शिट्टी वाजवायची विसरले.

फेब्रुवारीत मारिसेल निघाली. आदल्या दिवशी विहारात वंदना झाली, मारिसेलने पंचशील सगळ्यांबरोबर म्हटलं आणि घरी येऊन बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारच्या आपल्या मेरीपुढे मेणबत्ती लावली. नागपूरच्या विमानतळावर सगळे सोडायला गेले. आत जाता जाता ती मागे वळून ओरडली, "आई, विचारीन! आधी विचारीन, मंग हात लावीन!" रांगेतले लोक बघत राहिले. कौसल्याबाईंनी पदराने डोळे पुसले आणि हसल्या, दोन्ही एकाच वेळी.

परीक्षेच्या दिवशी तिकडे दुपार झाली तेव्हा इथे सकाळचे सहा वाजत होते. चहा उकळत होता आणि फोन वाजला. पडद्यावर मारिसेल, केस विस्कटलेले.

"कसा गेला पेपर? पेशंट कसे होते?" कौसल्याबाईंनी श्वास न घेता विचारलं.

"आई, सांगता नाही येत. सही केली आहे. आत काय होतं ते कोणालेच नाही सांगायचं."

"मले बी नाही?"

"तुले बी नाही."

"बरं, एवढंच सांग. रागावलेला नातेवाईक होता काय?"

मारिसेल फक्त हसली. कौसल्याबाईंना राहवेना. दिवसभर त्या घरात येरझाऱ्या घालत राहिल्या आणि उकंडरावांना पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, "हसली म्हणजे होता का नव्हता?"

निकाल यायला वेळ होता. मारिसेल बहिणीकडे थांबली. कौसल्याबाई रोज फोन उशाशी ठेवायच्या, भाजी आणायला गेल्या तरी हातात. आणि एका मंगळवारी, बाजारात लसणाच्या ढिगापुढे बसल्या असताना तो वाजला. गोंगाटात काही ऐकू येईना. "काय? मोठ्यानं बोल!" पलीकडून हुंदके, मग इंग्रजी, मग बहुतेक तिची स्वतःची भाषा, आणि शेवटी एक वऱ्हाडी वाक्य, स्वच्छ:

"आई, आपुन पास झालो!"

कौसल्याबाई उभ्या राहिल्या. लसूणवाल्या बाईचे दोन्ही हात धरून त्यांनी तिला उठवलं आणि सांगितलं, "माही सून न्यूझीलंडात पास झाली!" लसूणवालीला न्यूझीलंड क्रिकेटमुळे माहीत होतं. तिला वाटलं सून क्रिकेट खेळते. तिनेही आनंदाने ओरडून शेजारणीला सांगितलं, आणि घरी पोहोचेपर्यंत पुष्पाबाईंच्या कानावर आलं होतं की नगराळ्यांच्या सुनेने तिकडे शतक ठोकलं. कौसल्याबाईंनी कोणालाच दुरुस्त केलं नाही. उकंडरावांनी अंगणात उभं राहून दम संपेपर्यंत शिट्टी वाजवली.

जूनमध्ये मारिसेलला तिथल्या एका रुग्णालयात काम मिळालं, दिवाळीनंतर अतुलही गेला. घर पुन्हा शांत झालं असतं. पण त्याआधीच, एका दुपारी, मारेगावची निकिता नावाची मुलगी स्कूटीवरून आली. यवतमाळच्या दवाखान्यात नर्स, आयर्लंडला जायचं ठरवलेलं. तिला कोणीतरी सांगितलं होतं की पांढरकवड्यात एक मावशी आहेत, त्या पेशंट होतात.

दारात उभी राहून ती ओशाळत म्हणाली, "मावशी, तुमचा थोडा वेळ मिळेल का?"

"आत ये," कौसल्याबाई म्हणाल्या. "हात धू. सांग, कोणता पेशंट पाहिजे? सोपा का अवघड?"

निकिताने क्षणभर विचार केला. "अवघड."

कौसल्याबाईंनी चष्मा काढून कोनाड्यात ठेवला, खाटेवर पडल्या, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि मोठ्याने कण्हायला लागल्या.