झाकण घट्ट लावणारी मावशी

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कुणावर लिहावं एवढं मला येतं असं नाही. जिच्यावर लिहितोय तिला हे वाचून दाखवलं असतं, तर ती म्हणाली असती, "मना काय समाजला नाय."

हे तिचं रोजचं वाक्य. सगळं समजून न समजल्यासारखं करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नेरे गावच्या अंगणवाडीत ती मदतनीस होती, सगळ्यांची मावशी. नेमलेलं काम खिचडी शिजवण्याचं, खरं काम लबाडीचं. पोराने पाण्याकडे बोट दाखवलं की ही त्याच्या हातात चप्पल द्यायची. खाऊचा डबा समोर ठेवायची, पण झाकण इतकं घट्ट की कुणाला तरी हाक मारावीच लागे.

मी तिथे गेलो कॉलेजच्या प्रकल्पाची वही घेऊन, पण मनात दुसरंच होतं. माझ्या ताईची परी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ताई पनवेलला कामाला जायची, परी दिवसभर आमच्याकडे. ताईच्या सासरी 'मुकी' हा शब्द कुजबुजला जायला लागला होता.

म्हणून परीलाही सोबत नेलं. पहिल्याच दिवशी तिने माझी बाही ओढली. मी बाटली उघडून दिली, नाक पुसलं, चप्पल घातली.

"काय रं कालेजवाल्या, तुजा तोंड तिला भाड्यानी दिलास काय?" मावशीने विचारलं.

मी वही मिटली.

"पयला तिचं कान तपासून आन," ती म्हणाली. "मंग माजी लबाडी."

कान ठीक निघाले. डॉक्टरांनी वाचा-उपचारांची तारीख दिली आणि तोवर अंगणवाडी सोडू नका म्हणाले.

बिरड्याच्या उसळीसाठी भिजवलेले वाल मावशी घरून आणायची आणि पोरांपुढे ओतायची. चिमटीत दाबला की दाणा सुळकन उडायचा. सुरुवातीला परीच्या बोटांतून वालच निसटायचा. महिनाभरात तिचा नेम माझ्या चष्म्यावर बसू लागला. मग गरम खिचडीवर फुंकर मारायची शर्यत. मी वहीत 'सूक्ष्म स्नायूंचा विकास' असं लिहिलं आणि अभिमानाने वाचून दाखवलं.

"मना काय समाजला नाय. वाल सोल."

तिचा नियम एकच: पोरांसमोर शिवी नाय. "आई-बाबा शिकाला वरीस लागतं, शिवी एका दमात येतं," असं ती बजावायची. एकदा माझ्या पायावर पातेलं पडलं, तेव्हा माझ्या तोंडावर आधी तिचा हात आला.

एके दिवशी सगळ्यांना खिचडी वाढून तिने परीपुढे ताटली पालथी ठेवली. माझा हात पुढे गेला. त्यावर पळी बसली. परीने माझ्याकडे पाहिलं. मी माझे भरलेले डोळे छताकडे वळवले.

"नाय!" परी ओरडली.

"काय नाय? मना काय समाजला नाय."

"नाय! माजी!"

पहिला शब्द 'आई' नाही म्हणून ताई जरा रुसली. मग तिनेच तो 'नाय' परीकडून दहा-बारा वेळा वदवून घेतला.

पुढे मी शिकायला बाहेरगावी गेलो. मावशी काम सोडून आपट्याला लेकीकडे राहायला गेली. यंदा कळलं, तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही. मला भेटायला जायचा धीर झाला नाही, हे लपवत नाही. लेक तिला सगळं हातात आणून देते, मावशी तोंड उघडत नाही, एवढंच कानावर यायचं.

परवा ताईचा फोन आला. ती परीला घेऊन आपट्याला गेली होती. मावशीने डाव्या हाताने चहाकडे बोट दाखवलं. परी, आता पाच वर्षांची, उठली आणि तिच्या हातात चप्पल ठेवली.

"मावशीची लेक धावली रे परीच्या अंगावर! आणि ही परी म्हणते, मना काय समाजला नाय. मावशीने परत बोट दाखवलं, तर हिने दुसरी चप्पल दिली."

"मग?"

ताई रडत होती की हसत होती, कळेना. "शिवी दिली मावशीने. अख्खी. स्पष्ट."

"आणि परी?"

"कमरेवर हात ठेवून म्हणाली, मावशी, पोरांसमोर शिवी नाय!"