ग्रामोफोनची मांडी

माणसाचं शरीर ज्याने कुणी जोडलं त्याने आधी आपला सल्ला घ्यायला हवा होता, असं माझ्या थोरल्या साडूंचं प्रामाणिक मत होतं. नोकरी विमा कचेरीत कारकुनाची, बिऱ्हाड लालबागच्या चाळीत आणि जीव सगळा सांध्यांत. बांगडा खाल्ला की काटे ताटाच्या कडेला डोक्यापासून शेपटीपर्यंत जागच्या जागी मांडून ठेवायचे. मांजर बिचारं हताश होऊन ताटाभोवती फिरायचं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला मला शिवाजी पार्कवर घेऊन गेले, तर वक्ता राहिला बाजूला, हे घोषणा देणाऱ्यांचे खांदे न्याहाळत बसले. परतताना म्हणाले, "सांधा दोन्ही हाडांना मान्य असावा लागतो हो. ह्या गुजरात-महाराष्ट्राच्या द्वैभाषिकाचं तिथंच चुकलंय." राजकारणावर ते एवढंच बोलले, आणि तेही खरं ठरलं.

अशा माणसाच्या घरातच एक सांधा अडून बसला होता. ट्रामच्या अपघातात त्यांच्या पत्नीचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, एक पाय गुडघ्याच्या वरून गेला. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. लाकडी पाय मिळाला तो झकास, पण साहेबी घडणीचा: चालावं आणि खुर्चीवर बसावं. मांडी घालायची सोयच नाही. पंगतीत बाकी बायका पाटावर आणि ताई एकटीच वर खुर्चीत. हळूहळू ती बोलावणी टाळू लागली, हळदीकुंकवालाही जाईना. साडूंची बडबडही निम्म्यावर आली.

मग एका रविवारी त्यांनी आपला लाडका ग्रामोफोन उघडला. तबकडी फिरवणारा भाग काढून सुताराकडून लाकडी पायात गुडघ्याच्या वर बसवून घेतला. गुडघा वाकवायचा, खटका दाबायचा, पोटरी आडवी वळवायची, की झाली मांडी. पहिल्या खेपेला भाग उलटा बसला; पोटरी भलतीकडे वळून शेजारणीच्या सुपाला लागली आणि तांदूळ जिन्यापर्यंत गेले. ताई हसली. अपघातानंतर तिला हसताना मी तेव्हा प्रथम पाहिलं.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा चाळीने गॅलरीत पंगत मांडली. ताई बायकांच्या रांगेत पाटावर मांडी घालून बसली. साडू वरण वाढत होते, पण डोळे तिकडेच. माझ्या भाताचं तळं झालं, मी ते भुरकून टाकलं.

ग्रामोफोन पुढे कायम मुकाच राहिला. साडू गेले त्या दिवशी कुणीतरी लगबगीने ताईसाठी खुर्ची आणली. तिने ती बाजूला सारली, खटका दाबला आणि त्यांच्या उशाशी मांडी घालून बसली.

"खुर्ची नको," ती म्हणाली. "ह्यांनी माझी खाली बसायची सोय करून ठेवलीय."