कानामागचा भंडारा

ती घटना आठवली की आजही मला आधी हळदीचा वास येतो आणि मग रक्त आठवतं. नोकरीत रक्त पुष्कळ पाहिलं. पण ज्याचं रक्त सांडलं तो आणि ज्याच्यावर आळ आला तो, दोघं एकाच बाकावर बसून शेवटी हसले, असं प्रकरण मला एकच आठवतं. नाव मी कोणाचंही घालणार नाही. पोरांना पोरं म्हणेन, मामाला मामा म्हणेन.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, आणि मधली एकही पायरी कोणाच्या चिठ्ठीने चढलो नाही. तेव्हा माझी नेमणूक बीड शहरातल्या एका ठाण्यात होती. दुपारची वेळ. स्टेशन डायरीत नोंद करून डबा उघडला, तोच बंदोबस्ताला दिलेल्या शिपायाचा फोन आला. शहरात जिल्ह्याच्या बॉक्सिंगच्या स्पर्धा चालू होत्या.

"साहेब, इथं खुर्च्या उडायल्यात. आष्टीच्या पोराला सिरसाळ्याची माणसं धरू म्हणायलीत."

"पोरगं कुठंय?"

"रिंगच्या खाली लपवलंय, साहेब."

डबा तसाच ठेवून निघालो. रिंग म्हणजे फळ्यांचा माचाच असतो. त्याच्या खाली तो आष्टीचा पोरगा अंग चोरून बसलेला. अंगात निळी बंडी, हातात निळे ग्लोव्हज अजून बांधलेलेच. त्याला बाहेर काढून गाडीत घातला. ग्लोव्हज सोडायला एक जण पुढे आला, त्याला मी मागे सारलं. मारामारीच्या प्रकरणात हत्यार जसं असेल तसं ठाण्यात आणायचं, एवढं मला कळत होतं. तोंडही धुऊ दिलं नाही.

प्रकरण असं होतं. अंतिम सामना. एका बाजूला सिरसाळ्याचा, मेंढपाळाच्या घरचा पोरगा. दुसऱ्या बाजूला हा. पहिली फेरी संपली. दुसरीची घंटा झाली, दोघं धावून एकमेकांवर गेले, आणि पहिल्याच झपाट्यात सिरसाळ्याच्या पोराची भुवई फुटली. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि सामना थांबवला. पंचांनी ठोशाने फुटली असं सांगून आष्टीच्या पोराचा हात वर केला. त्यावर सिरसाळ्याची माणसं उठली.

पंच माझ्याबरोबर ठाण्यात आले. माणूस सरळ होता. म्हणाले, "ठोशाने फुटली तर मारणारा जिंकला. चुकून डोक्याला डोकं लागून फुटली तर तोवरचे गुण मोजायचे. मुद्दाम डोकं मारलं तर मारणारा बाद. मी जखमी पोराच्या पाठीकडे होतो. मला समोरच्या पोराचा हात वर गेलेला दिसला, तेवढ्यावर मी बोललो." तक्रार आल्यामुळे निकाल संध्याकाळपर्यंत राखून ठेवला होता.

तो निकाल त्यांचा त्यांनी बघावा. माझ्यापुढे वेगळंच होतं. जखमी पोराचा मामा ठाण्यात येऊन उभा राहिला. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी.

"सायेब, गुन्हा दाखल करा. एडक्यावानी टक्कर मारली त्यानं. म्या माज्या डोळ्यानं बगितली."

"तुम्ही कुठं होता?"

"कोपऱ्यात. पान्याची बाटली घिऊन."

"बसा. तुमच्या पोराला तपासणीची चिठ्ठी देऊन दवाखान्यात पाठवलंय. डॉक्टरांचं कळू द्या."

"बसू कावून? आदी लिवा."

"लिहिणार. पण कधी ते मी ठरवणार."

"मंग मी बी हितनं हलत न्हाई."

"नका हलू. मला तर इथं बसायचाच पगार मिळतो."

तोही हटेना, मीही हटेना. ठाणे अंमलदार आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत पेन हातात घेऊन बसला.

आता यात अडकलेली गोष्ट सांगतो. आष्टीच्या पोराची पोलीस भरती झाली होती. मैदान पास, लेखी पास, यादीत नाव. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. त्यात गुन्हा दाखल दिसला की कागद थांबतो. मग तो कधी सुटेल ते कोणी सांगू शकत नाही, आणि तोवर जागा दुसऱ्याची होते. खरंच मुद्दाम डोकं मारलं असेल तर मी मागेपुढे पाहणार नव्हतो, पोलिसात असला माणूस मलाही नको होता. पण मारलं नसेल, तर एका मामाच्या रागापायी पोराचं आयुष्य मी खराब करणार नव्हतो.

पोराला मागच्या खोलीत घेतलं.

"काय लागलं त्याला?"

"ठोसा, काका. उजव्या हाताचा."

"डोकं?"

"न्हाई. डोकं न्हाईच लागलं."

उत्तर फार लवकर आलं. खोटं बोलणारा माणूस असाच बोलतो आणि घाबरलेलाही असाच बोलतो. फरक काढायचा तर त्याला पाणी द्यावं. खोटारडा पिऊन टाकतो, घाबरलेला नुसतं धरून बसतो. याने दोन्ही ग्लोव्हजच्या मध्ये पेला धरला आणि तसाच बसला.

पेला काढून घ्यायला मी वाकलो तेव्हा हळदीचा वास आला. पोराच्या डाव्या कानाच्या वर, मागच्या केसांत, कानाच्या घडीत पिवळं होतं. घामाने चिकटलेला भंडारा.

"हे काय?"

"माहीत न्हाई. घाम पुसला असंल ग्लोव्हजनं."

त्याचे हात मी उजेडात धरून ग्लोव्हज सगळ्या बाजूंनी पाहिले. पिवळ्याचा कण नाही. घाम पुसला असता तर ग्लोव्हज पिवळा झाला असता. आणि हा भंडारा सिरसाळ्याच्या पोराच्या कपाळावरचा असेल, तर त्याच्या भुवईवर ठोसा बसूनही झाला असता. पोरगा खाली बघायला लागला.

बाहेर येऊन पंचांना विचारलं. ते म्हणाले, "सिरसाळ्याच्या पोराच्या कपाळावर भंडारा होता खरा. पण चेहऱ्याला काही लावलेलं चालत नाही, म्हणून सामन्याआधी मी तो ओल्या टॉवेलने पुसायला लावला. पहिल्या फेरीत कपाळ स्वच्छ होतं."

मामाला विचारलं. "पुसायला लावलं, पुसलं. पुना लावलाच न्हाई."

तेवढ्यात दवाखान्यातून आमच्या शिपायाचा फोन आला. टाके पडले, डोळा शाबूत. पण डॉक्टरांचा जखम धुण्यातच वेळ गेला, आत सगळी हळद भरली होती. सामन्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं म्हणे, की पिवळ्या चिखलात जखम किती खोल ते दिसेना, म्हणून थांबवलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मामाचा एवढा आवाज कशामुळे आहे. पण ध्यानात येणं वेगळं आणि माणसाच्या तोंडून निघणं वेगळं. मामाच्या कमरेला भंडाऱ्याची पिशवी खोचलेली होती. मेंढपाळ माणूस ती सोडून कुठे जात नाही. आणि भंडारा हातात उचलून तो खोटं बोलत नाही, हेही मला माहीत होतं. कोर्टात असल्या शपथेला काही किंमत नाही. मी कुठे कोर्टात होतो?

"मामा, तुमचं सगळं लिहून घेतो. फक्त भंडारा उचला आणि म्हणा, फेरीच्या मधे मी पोराला भंडारा लावला नाही."

मामाने पिशवीत हात घातला. चिमूट बाहेर काढली. ती पाहिली आणि परत पिशवीत सोडली. ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं.

"लावलता," मामा म्हणाला. "मूठभर लावलता. कावून न्हाई लावायचा? देवाचा हाय. पंचाची पाठ व्हती, तवा घाईत थापला. मला काय ठावं डोळ्यात उतरंल म्हून?" मग एकदम बसला. "डाक्टर म्हनला, हळद नसती तर खेळू दिलं असतं. सायेब, माज्याच हातानं भाच्याचा डाव मोडला."

"बरं. आता मेंढराचं सांगा. एडका टक्कर मारताना काय पुढं करतो?"

"कपाळ."

"कान नाही?"

"कान कोन पुडं करील? येडा हाय का एडका?" एवढं बोलून मामा थांबला. मी आष्टीच्या पोराला बाहेर बोलावलं, मान वळवायला लावली आणि कानामागचं पिवळं मामाला दाखवलं. मामाने जवळ येऊन पाहिलं, बोट लावून वास घेतला. स्वतःच्या पिशवीतला भंडारा त्याला ओळखू आला.

"तोंड फिरवलं व्हतं बे तू?"

पोरगा रडकुंडीला आला. "व्हय मामा. तुमचा अंगावर आला, मी तोंड फिरवून बाजूला जायलो होतो. डोक्याला डोकं बसलं. मी मारलं न्हाई."

"मग ठोसा ठोसा काय लावलं होतंस?" मी विचारलं.

"काका, डोकं म्हणलं की गुन्हा व्हईल असं वाटलं. भरती जाईल."

"चुकून लागलं तर गुन्हा होत नाही. खेळात दोघांच्या मर्जीने उतरता तुम्ही. हे आधी का नाही विचारलंस?"

"पोलिसाला कसं इचारायचं?"

भरतीत पास झालेला पोरगा पोलिसालाच घाबरत होता. मला हसू आलं, पण दाखवलं नाही.

पंच मध्ये बोलले. बोलणं त्यांचं कामच होतं. "असा जबाब दिलास तर ठोशाचा निकाल जाईल. गुण मोजले जातील. पहिल्या फेरीत तो पुढे होता. राज्याच्या स्पर्धेला तो जाईल, तू नाही."

पोराने दोन्ही हात माझ्यापुढे केले.

"मग हे सोडा आधी. सही करायची हाय ना."

ग्लोव्हजच्या दोऱ्या मामाने सोडल्या. घामाने गाठी बसल्या होत्या, शेवटी दाताने ओढल्या.

जखमी पोरगा दवाखान्यातून आला तेव्हा डोळ्यावर पट्टी होती. आष्टीच्या पोराशेजारी बाकावर बसवून त्याचाही जबाब घेतला. काय दिसलं विचारल्यावर म्हणाला, "मला काय दिसणार, सायेब? मामाचा भंडारा आधीच डोळ्यात गेलता." आष्टीचा पोरगा हसला. मग हाही हसला आणि हसताना टाका ओढला म्हणून कण्हला. मामा मात्र घोंगडी सावरत दुसरीकडे बघत होता.

फिर्याद झाली नाही. खुर्च्या फेकणाऱ्यांना मी सोडलं नाही, त्यांच्यावर प्रतिबंधक कारवाई केली. संध्याकाळी गुण मोजले, सिरसाळ्याचा पोरगा विजयी ठरला. मामाला पंचांनी पुढच्या सामन्यांत कोपऱ्यात उभं राहायला मनाई केली. ती त्याने मान्य केली, पण भांडून.

आष्टीच्या पोराचा पडताळणीचा कागद स्वच्छ गेला. आज तो दुसऱ्या एका जिल्ह्यात शिपाई आहे. मधे फोन आला होता. ठाण्यात चौकशीला आणलेल्यांना आधी पाणी देतो म्हणाला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, तर हे. तोवर मी समोरच्याला बसवून विचारायचो, तू काय केलंस. त्या पोरानंतर मी आधी सांगायला लागलो, काय केलं तर गुन्हा होत नाही. बरीच माणसं तिथेच मोकळी होतात. ज्याने खरोखर गुन्हा केलेला असतो तो ते ऐकून गप्प होतो, आणि त्याच्या गप्प होण्यावरूनही कळतं. आमच्या एका साहेबांनी सुनावलं होतं, ही उलटी पद्धत आहे, कुठल्याही पुस्तकात नाही. मी म्हटलं, नसेल. निवृत्तीपर्यंत मी तशीच चालवली.