कोकिळाअक्कांचा वरचा मजला

कोकिळाअक्कांचं आठ लाखांचं कर्ज मी दारात उभं राहून, हसतमुखाने परत पाठवलं.

त्याचं असं झालं. वरणगावात अक्कांच्या चार खोल्या आहेत. एकीत मी, शाळामास्तर. बाकीच्यांत फॅक्टरीतली माणसं. रविवारी सकाळी हातात फाईल आणि टेप घेतलेला एक गृहस्थ आला. मला वाटलं, हा नगरपरिषदेचा घरपट्टीवाला. घर भाड्याने दिलं की घरपट्टी वाढते, एवढं ज्ञान मला होतं. अक्का दळण आणायला गेलेल्या. म्हटलं, उपकार फेडायची संधी आली!

"इथे भाडेकरू किती?"

"भाडेकरू? छे हो! आम्ही सगळे अक्कांचे पाहुणे. हा किरण आतेभाऊ, मी भाचा."

शेजारच्या खोलीतला किरण पाचोऱ्याचा, अक्कांच्या नात्यातला मुळीच नाही. पण तो बिचारा दात घासता घासता आतेभावासारखा हसला. कुलूप लावलेल्या चौथ्या खोलीत अक्कांचे सासरे ध्यानाला बसतात, असंही मी सांगून टाकलं. गृहस्थाने सगळं लिहून घेतलं, चहासुद्धा न घेता गेला.

अक्का आल्यावर मी हा पराक्रम सांगितला. त्यांनी पिठाचा डबा खाली ठेवला.

"मास्तर, तो बँकना साहेब व्हता!"

अक्कांचं माहेर साक्रीकडचं. राग आला किंवा आनंद झाला की त्या थेट अहिराणीवर येतात. उडदाचे पापड लाटून त्यांनी पहिली खोली बांधली, तिच्या भाड्यातून दुसरी, आणि मग कर्ज काढून आणखी दोन. आता वर चार खोल्या काढायच्या होत्या. भाड्याची कमाई बघून बँक कर्ज देणार, या भरवशावर लोखंड उधारीत आणून दारात टाकलेलं. आणि बँकेच्या कागदावर माझ्या कृपेने भाडं शून्य!

रात्रभर मी पंख्याकडे बघत होतो. सोमवारी दहाला अक्का स्कूटर घेऊन दारात. "बसा मागे. शाळेत अर्धी रजा टाका."

भुसावळपर्यंत हायवेवर केळीचे ट्रक मागे टाकत अक्का अशा निघाल्या, की पदर माझ्या तोंडावर आणि माझे प्राण माझ्या हातात.

बँकेत, रविवारी टेप घेऊन आलेल्या त्याच भूपेंद्र साहेबांनी मला ओळखलं. "या भाचे!"

अक्कांनी पिशवी टेबलावर उपडी केली. भाडेकरार, पासबुक, भाडेकरूंसकट लावलेल्या वाढीव घरपट्टीच्या पावत्या, तीन वर्षांची इन्कम टॅक्सची रिटर्नं. साहेब चष्मा पुसून वाचायला लागले.

"अक्का, लोक भाडं लपवतात, तुम्ही पैन् पै दाखवलीय. टॅक्स नाही बसत?"

"साहेब, भाडं म्हणजे केळीचा घड. आधी घरपट्टीची फणी काढा. उरलं त्यातलं तीस टक्के सरकारच सोडतं. मग तुमच्याच बँकेचं व्याज वजा. आता सांगा, टॅक्सवाल्याच्या हाती काय राहतं? दांडा! अन् भाडं लपवलं असतं तर तुम्ही मला दारात तरी उभं केलं असतं का?"

शेजारच्या टेबलावरचा कारकून आपलं काम सोडून ऐकत होता. साहेबांचं बोट पासबुकावर थांबलं.

"हे एक भाडं दर महिन्याला उशिरा जमा होतं, बारा-तेरा तारखेला. कोण हा?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. कारकुनानेही बघितलं.

"भाचा," अक्का म्हणाल्या.

सगळी बँक हसली. मग मी माझ्या सुंदर अक्षरात लिहून दिलं, की मी पाहुणा नसून साडेचार हजारांचा भाडेकरू आहे, आणि चौथ्या खोलीत कुणाचेही सासरे नाहीत. साहेबांनी कागद फाईलला लावला, पुन्हा एकदा बेरीज तपासली आणि म्हणाले, "अक्का, स्लॅबवाल्याला बोलवा."

अक्कांनी तिथल्या तिथे स्लॅबवाल्याला फोन लावला. अर्ध्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात, बठ्ठं, म्हणजे सगळंच्या सगळं, अहिराणीत! बाहेर येऊन त्यांनी मला उसाचा रस पाजला, वर दुसरा ग्लासही घ्यायला लावला. माझा जीव भांड्यात पडला होता, पण नवा हप्ता दहा हजारांचा, हे काही डोक्यातून जाईना.

"अक्का," मी म्हटलं, "आता दोन-दोन कर्जं डोक्यावर. भीती नाही वाटत?"

अक्कांनी स्कूटरला चावी लावली.

"मना डोकावर कसानं, मास्तर? तुमना बठ्ठासना डोकावर शे!"