विजयाच्या शुभेच्छांचा परिच्छेद

“पेडणेकर, शेवटच्या पानावरचं हे कोणी लिहिलं?” करंदीकर मॅडमनी फोनवर विचारले, तेव्हा माझ्या टेबलासमोर दोन गिऱ्हाइके उभी होती. मी त्यांना हाताने थांबवले आणि काहीशा अभिमानाने उत्तरलो, “मीच, मॅडम. त्याशिवाय अर्ज उघडा वाटत होता.”



हा प्रसंग मंदीच्या दुसऱ्या वर्षातला. शारजातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये, म्हणजे कचेऱ्यांत द्यायचे कागद जिथे टाइप करून मिळतात अशा दुकानात, माझे टेबल होते. अरबी काम इतर करीत. मराठी, हिंदी व इंग्रजी अर्ज माझ्याकडे येत. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे असले, तरी मायना, मजकूर आणि विनंती या अर्जाच्या तिन्ही अंगांवर माझी हुकमत होती, हे नमूद करणे भाग आहे.

करंदीकर मॅडम दुबईतल्या एका कंपनीत एचआर मॅनेजर होत्या. पुण्याच्या त्यांच्या कॉलेजातील मुलांच्या वसतिगृहाचे बंधुमंडळ आणि मुलींच्या वसतिगृहाचे भगिनीमंडळ, या माजी विद्यार्थ्यांच्या दोन मंडळांनी मिळून पुण्यात एक धर्मादाय ट्रस्ट नोंदवला होता; मॅडम त्याच्या विश्वस्त होत्या. तोवर ट्रस्टचे काम शिष्यवृत्त्या वाटण्यापुरते होते. मंदीत कंपन्या बुडाल्या, दुबईतल्या सोनापूरच्या लेबर कॅम्पांत माणसे कामाविना बसून राहिली. नेमक्या त्याच सुमारास आपल्याकडे एका सरकारी समितीने, परदेशात कामगार पाठवणाऱ्या एजंटांविषयीच्या कायद्याच्या मसुद्यावर, म्हणजे कच्च्या मजकुरावर, सूचना मागवल्या.

मॅडम एका शुक्रवारी सदानंद गुरव या गुहागरकडच्या माणसाला घेऊन आल्या. तो इमारतींच्या सळ्या बांधणारा. मालक देश सोडून गेलेला, पासपोर्ट कुलूपबंद ऑफिसात, आणि गावाकडचा एजंट फोन उचलत नव्हता.

“माझं सोडा हो,” सदानंद म्हणाला, “मी कसाही जाईन. पण धाकटा भाऊ त्याच एजंटाकडं फॉर्म भरून बसलाय. सांगून ऐकत नाय. कायद्यात एवढंच घाला, ज्यानं माणूस पाठवला त्यानंच तो परत आणायचा.”

“हेच आपलं कलम,” मॅडम म्हणाल्या.

“पण मॅडम, धर्मादाय संस्थेला हे राजकारण चालेल?”

“कायद्याबद्दल बोलणं म्हणजे राजकारण नव्हे, पेडणेकर. वकिलांना विचारलंय मी. आपण अनुभव मांडू शकतो, कलम सुचवू शकतो, सांगायला माणूस पाठवू शकतो. पण कुठल्या पक्षाची, कुठल्या उमेदवाराची बाजू घ्यायची नाही. एक शब्दसुद्धा नाही, ट्रस्ट अडचणीत येईल. आणि इथं कॅम्पात सह्याबिह्या गोळा करायच्या नाहीत. हा मसुदा आपल्याकडचा आहे, इथला नाही.”

“समजलं, मॅडम.”

मला खरोखरच समजले आहे, असे मला वाटले.

मॅडमनी ईमेलने मजकूर पाठवला. मी तो ट्रस्टच्या लेटरहेडवर उतरवला. सोबत सदानंदचे निवेदन जोडले. त्याची पत्नी सुलभा ते मुंबईत समितीपुढे वाचणार होती. ती चौथी शिकलेली, म्हणून तिची प्रत मी ठळक, मोठ्या अक्षरांत काढून कुरियरने गावी धाडली. एवढे काम निर्दोष होते.

चूक त्यानंतर झाली. अर्ज ज्याच्याकडे जातो, त्याचे भले चिंतून तो संपवायचा, हा आमच्या धंद्यातील रिवाज. लेबर कॅम्प सांभाळणाऱ्या कॅम्पबॉसपासून वकिलातीतल्या कॉन्सुलापर्यंत प्रत्येकाला मी आयुरारोग्य चिंतले आहे. समितीचे अध्यक्ष येत्या निवडणुकीत उभे राहणार, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. म्हणून मी एक परिच्छेद वाढवला: ‘अध्यक्षमहोदय येत्या निवडणुकीत प्रचंड बहुमताने विजयी होवोत, ही संस्थेच्या सर्व बंधुभगिनींची मनःपूर्वक इच्छा असून, तदर्थ आम्ही सहकुटुंब झटू.’ मला ते राजकारण वाटले नाही. शिष्टाचार वाटला.

मॅडम सहीला गुरुवारी आल्या. दुबईहून निघून दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या. त्या दिवशी ऑफिसात त्यांनी स्वतःच्या हाताने माणसांना कामावरून काढल्याची टर्मिनेशन लेटर दिली होती. कुरियरची वेळ संपत आली होती.

“मी पाठवलं तसंच आहे ना?”

“एक अक्षर गाळलेलं नाही, मॅडम.”

त्यांनी पहिली दोन पाने चाळली आणि शेवटच्या पानाच्या तळाशी सही केली.

पुढे जे झाले, ते मॅडमच्या त्या फोनवर कळले. विरोधी पक्षाच्या एका सदस्याने तो परिच्छेद बैठकीत मोठ्याने वाचला आणि विचारले, “ही धर्मादाय संस्था आहे की प्रचार कार्यालय?” ट्रस्ट वाचवण्यासाठी त्याच्या वकिलांनी तिथल्या तिथे सगळा अर्ज मागे घेतला. सदानंदचा कागद त्याच्यासोबत गेला. सुलभा बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसून होती. तिला आत बोलावलेच नाही.

“तेवढाच परिच्छेद मागे घेता आला नसता?” मी विचारले.

“लेटरहेड ट्रस्टचं आहे आणि सही माझी आहे, पेडणेकर. वाचायला हवं होतं मी.”

“मग एक दिलगिरीचा अर्ज लिहून देऊ?”

“नको. आता तुम्ही काही लिहू नका.”

शुक्रवारी सदानंद आला. मी त्याला सर्व सांगितले. त्याने चिडावे, अशी माझी अपेक्षा होती.

“वाचला तरी का कुणी?” त्याने विचारले.

“नाही.”

“पाठ करून गेली होती ती,” तो म्हणाला आणि उठला.

काही महिन्यांनी तो कॉन्सुलेटने पासपोर्टऐवजी दिलेल्या कागदावर मायदेशी परतला. मसुदा आमच्या कलमाविना पुढे सरकला. मॅडमच्या ट्रस्टने पुन्हा शिष्यवृत्त्या वाटायला घेतल्या. ते काम चांगले आहे, पण कायद्याच्या वाटेला ते लोक परत गेले नाहीत, आणि याचे कारण मी आहे.

दीडएक वर्षाने एक माणूस कॉन्ट्रॅक्ट घेऊन माझ्या टेबलाशी आला. बोलावले होते इलेक्ट्रिशियन म्हणून आणि काम दिले होते सिमेंटच्या गोण्या उचलण्याचे. त्यावर सदानंदच्याच एजंटाचे नाव वाचून मी त्याचे आडनाव विचारले.

“गुरव. दादा म्हणाला, काय लिहायचं झालं तर पेडणेकरांकडं जा. चांगलं लिहितात.”

मी त्याचा अर्ज चार ओळींत लिहिला आणि सहीपूर्वी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत त्याला वाचून दाखवला.

“बस, एवढंच? खाली साहेबांना शुभेच्छा वगैरे घालत नाय?”

“नाही,” मी म्हणालो. “सही कर.”

तेव्हापासून माझ्या टेबलावर हाच नियम आहे. गिऱ्हाइकाचे म्हणणे संपले की माझेही संपते.