बावांच्या चाळिसाव्याची पंगत

हजराबी मूळच्या रत्नागिरीकडील खाडीकाठच्या. लग्नानंतर त्या पती उस्मान यांच्यामागोमाग कतारमधील दोह्याला आल्या आणि अल हिलालमधील एका जुन्या व्हिलाच्या तळमजल्यावर, एकाच खोलीत, त्यांनी संसार मांडला. मालकाने व्हिलाच्या खोल्या पाडून अनेक कुटुंबांना भाड्याने दिल्या होत्या. अंगण मात्र सर्वांचे एकच होते. उस्मान कंपनीची बस चालवीत. पहाटे इंडस्ट्रियल एरियातून कामगारांना घ्यायचे आणि लुसैलच्या बांधकामावर सोडायचे, हा त्यांचा नेम. हजराबी शिवणकामाच्या दुकानात जात. फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आला होता, नवनवी हॉटेले उघडत होती, आणि तेथील नोकरांचे गणवेश शिवता शिवता त्यांची बोटे सुजून जात.

अशा धामधुमीत गावाहून बावांच्या, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या, निधनाची बातमी आली. दुकानाच्या मालकाने रजा दिली नाही. वर्ल्ड कप होऊ द्या, मग खुशाल महिनाभर जा, असे तो म्हणाला. हजराबींना बावांच्या मातीला जाता आले नाही. तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मनाशी धरली. बावांचा चाळिसावा येथे, आपल्या हातांनी करायचा.

त्यांच्या गावची रीत अशी की, चाळिसाव्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचे रांधावे, त्या अन्नावर फातिहा, म्हणजे कुराणातील प्रार्थना, पढावी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना पोटभर जेवू घालावे. लोक तृप्त होऊन उठले की त्याचे पुण्य मृताला पोहोचते. अन्न तसेच पडून राहिले तर बावा उपाशी राहतील, असे हजराबींना अगदी मनापासून वाटे.

अडचण अशी होती की, जेवायला येणार कोण? व्हिलातील बायका दर शुक्रवारी दुपारी अमिना आपांच्या खोलीत कुराण पढायला जमत. अमिना आपा मूळच्या हैदराबादच्या, पण दोह्यातच वाढलेल्या आणि धर्माच्या बाबतीत फार काटेकोर. हजराबींना कुराणातील अक्षरे त्यांनीच बोट धरून शिकवली होती. हजराबींनी आमंत्रण दिले तेव्हा आपांनी पुस्तक मिटले.

"हजरा, बुरा मत मानो. वालिद के लिए दुआ करो, सदका दो, ख़ैरात करो. लेकिन ये चालीसवाँ, ये खाने पर फातिहा, ये दीन-मज़हब में नहीं है. लोगों ने बाद में जोड़ा है. मैं नहीं खाऊँगी."

"आपा, हमारे गाँव में तो सब करते हैं."

"इनके गाँव में तो औरतें गले में काली पोत भी बाँधती हैं," पठणाला जमलेल्यांतली सलमा म्हणाली.

रुकैयाने पदराआडून पुस्ती जोडली, "अगली बार नारियल भी फोड़ेगी!"

बायका हसल्या. हजराबींचा हात आपसूक गळ्यातील काळ्या मण्यांवर गेला. आपा हसल्या नाहीत, पण त्यांनी कोणाला दटावलेही नाही. हजराबी मान खाली घालून घरी आल्या.

"कोन येनार गो?" उस्मान म्हणाले. "रांधून ठेवशील नि वाट बघत बसशील."

"अवो, बावांच्या नावानं एक मानूस तरी जेवंल का नाय?"

"मी हाय ना."

"तुम्ही घरचे. घरच्यानं जेवून काय होतंय?"

 उस्मान नारळ आणायला बाजारात गेले.

व्हिलाच्या वरच्या मजल्यावर नाशिकच्या विभावरीताई राहत. त्यांचे सासरे नाना काही महिन्यांसाठी दोह्याला आले होते. नाना जुन्या वळणाचे. हजराबींच्या घरचे पाणीसुद्धा त्यांनी कधी घेतले नव्हते. ईदला हजराबींनी पाठवलेला शीरखुर्मा विभावरीताई आवडीने खात आणि भांडे साखर घालून परत पाठवीत. नाना तेवढ्यापुरते दुसऱ्या खोलीत निघून जात. हे हजराबींना ठाऊक होते आणि त्यांनी ते कधी मनावर घेतले नव्हते.

चाळिसाव्याचा शुक्रवार उजाडला. उस्मान यांनी फातिहा पढली. चटई अंथरली, ताटल्या मांडल्या, बावांच्या आवडीच्या, तांदळाच्या वाफवलेल्या सांदणांची वाफ निवत चालली, तरी दारात कोणी येईना. आणि मग जिन्यावर पावले वाजली. स्वच्छ धोतर नेसलेले नाना उंबऱ्याशी उभे होते. मागे विभावरीताई होत्या.

"नाना, तुम्ही?" हजराबी गडबडून गेल्या.

"विभा म्हणाली, जेवायला कुणी नाही. गेलेल्या माणसाच्या नावाचं पान तसंच उठवायचं? छे, हे काही मला पटत नाही, बाई. सकाळपासून मी काही घेतलेलं नाही. अशा पानावर आमच्यात भरल्या पोटी बसत नाहीत. फक्त ते मटणाबिटणाचं मला नको."

"सांदणं आहेत, नाना. नारळाचं दूध आहे. भांडी वेगळी ठेवलीत."

"मग वाढ."

पण पान वाढल्यावर नाना जेवायला बसले नाहीत. त्यांनी एका ताटलीत सांदणाचा तुकडा घेतला, त्यावर दूध घातले आणि ते थेट अंगणात गेले. आपल्या घरी श्राद्धाच्या दिवशी कावळ्यासाठी घास ठेवतात, तसा त्यांनी तो कुंपणाच्या भिंतीवर ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "या, बावा. लेकीनं केलंय."

हजराबी त्यांच्यामागे दाराशी आल्या. शुक्रवारच्या पठणाला निघालेल्या बायका अंगणात येऊ लागल्या होत्या, आणि त्यांना घ्यायला बाहेर आलेल्या अमिना आपा सर्वांत पुढे होत्या.

"ये क्या हो रहा है?" आपांनी विचारले.

या म्हाताऱ्याने हे आपल्या मनाने केले, मला काही ठाऊक नाही, एवढे म्हटले असते तरी हजराबी सुटल्या असत्या. शब्द ओठांवर आलेही होते. परंतु जो माणूस आपल्या बावांसाठी उपाशीपोटी जिना उतरून आला, त्याला पुढे ढकलायचे कसे? यापुढे पठणाला येऊ नकोस असे आपा म्हणाल्या, तर म्हणोत.

"आपा, मेरे बावा के लिए है. मेरे घर का खाना है. मेरी तरफ़ से है."

नानांनी लगबगीने आपले नाशिकचे हिंदी पुढे केले. "बहनजी, इसमें इनका कुछ नहीं है. हमारे में पहले पक्षी को देता है, बाद में हम खाता है."

"देखा? मैं बोली थी ना!" रुकैया म्हणाली.

 भिंतीवर दोन साळुंक्या उतरल्या होत्या आणि भांडत भांडत सांदण टोचत होत्या. आपांनी त्यांच्याकडे बोट दाखवले.

"रुकैया, परिंदों को खिलाना सदका है. इसमें ग़लत क्या है, बताओ मुझे."

 आपा नानांकडे वळल्या. "हाथ जोड़ना आपका दीन है, वो आप जानें." मग हजराबींना म्हणाल्या, "मैं खाऊँगी नहीं. मेरी बात वही है."

"जी, आपा."

"लेकिन दुआ से मुझे किसने रोका है? वालिद का नाम बताओ."

हजराबींनी नाव सांगितले आणि त्यांना रडू कोसळले. आपा आत येऊन चटईवर बसल्या, आणि त्यांनी हात पसरून आधी अरबीत आणि मग आपल्या उर्दूत त्या कोकणातल्या, कधीही न पाहिलेल्या माणसासाठी सावकाश दुआ मागितली. दुआ संपेपर्यंत नानांनी घास उचलला नाही. आपा बसल्या म्हणून सलमा बसली, सलमा बसली म्हणून आणखी काहीजणी टेकल्या. कोणी जेवल्या, कोणी नुसते पाणी घेतले. रुकैया निघून गेली. नानांनी मात्र दोनदा सांदण मागून घेतले. उरलेले अन्न उस्मान यांनी डबे भरून इंडस्ट्रियल एरियातील आपल्या बसच्या कामगारांकडे पोहोचवले.

संध्याकाळी हजराबींनी गावी आईला फोन लावला.

"अम्मा, बावांचा चाळिसावा झाला."

"जेवले ना गो सगळे?"

"जेवले, अम्मा. परक्या मुलखात एवढी मानसं आपल्या बावांसाठी बसली, खुदाचे उपकार. मला कुरान शिकवनाऱ्या अमिना आपा जेवल्या नायत. पन उठल्या त्या सगळ्यांच्या शेवटी."